युरी भाषेच्या जुन्या शब्दयाद्या कशा लावायच्या?

शेंगाचटणी (सोलापूर): ॲमेझॉन खोऱ्यातली युरी भाषा, इसा आणि जापुरा नद्यांच्या मधल्या पट्ट्यातली. आता बोलणारं कुणी नाही. मार्टिउस आणि वॉलेस या निसर्गअभ्यासक प्रवाशांच्या १९व्या शतकातल्या याद्या एका एक्सेल शीटमध्ये घेतोय. तोच अर्थ, पण शब्द दोघांकडे वेगळे दिसतात. स्पेलिंग एकसारखं करून टाकू का?

पूर्वभागकर: मूळ स्पेलिंगला हात लावू नका. ते एका रकान्यात जसंच्या तसं, शेजारी तुमचा अंदाजी उच्चार, तिसऱ्यात कुणी लिहिलं ते. मार्टिउस जर्मन, वॉलेस इंग्रज. 'श'साठी एक एस-सी-एच लिहिणार, दुसरा एस-एच. भाषेचं नावच घ्या ना: जे-यू-आर-आय. जर्मन माणूस युरी वाचेल, इंग्रज ज्युरी.

अवयवांच्या शब्दांत तर हमखास फसगत. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू आजींना त्यांच्या हाताकडे बोट करून 'याला काय म्हणता?' विचारा. त्या 'ना चेय्यी' म्हणाल्या, की परका पाहुणा 'नाचेय्यी म्हणजे हात' लिहून मोकळा! 'ना' म्हणजे माझा. नाक 'ना मुक्कू'. अरावाक या दक्षिण अमेरिकेतल्या कुळातल्या भाषांच्या याद्यांत असंच 'माझा' अर्थाचं 'नु' ओळीनं दिसतं, म्हणून तर फॉन डेन श्टाइनेन या जर्मन अभ्यासकानं त्या कुळाला 'नु-अरावाक' म्हटलं. तुमच्या यादीतले अवयव आणि नाती वेगळी काढा, सुरुवात सारखी येते का बघा. मात्र 'नु' आधीच डोक्यात धरून कापाकापी नको, युरी त्या कुळातली नाही.

हुरडा: पडताळ्याला तिकुना घ्या. युरीच्या नात्यातली, आणि आजही बोलली जाते. तिकुनात सुराची उंची बदलली की अर्थ बदलतो. जुन्या याद्यांत सुराची खूण नाही. तेव्हा दोन ओळी हुबेहूब दिसल्या म्हणून एक पुसू नका.

शेंगाचटणी: कालच दोन पुसल्या! परत घालतो. पण एवढ्याशा यादीतून निघतं तरी काय?

हुरडा: कोलंबियात काराबायो म्हणून ओळखले जाणारे लोक बाहेरच्यांपासून लांब राहतात. १९६९मध्ये त्यांच्यातल्या एका कुटुंबाच्या तोंडचे सुमारे ५० शब्द टिपले गेले, बहुतेकांचा अर्थ भरवशाचा नाही. २०१४मध्ये सायफार्ट आणि एचेवेरी या भाषाशास्त्रज्ञांनी ते जुन्या याद्यांशी ताडले, तेव्हा युरीशी जवळचं नातं निघालं.

पूर्वभागकर: सुरी, कुऱ्हाड, बंदूक या ओळींना वेगळा रंग द्या. वस्तूबरोबर नावही बाजारातून आलेलं असू शकतं, नातं ठरवताना ते धरू नका.