शब्दचर्चा : 'डिप्लॉयमेंट' म्हणजे इथे तैनाती का?

प्रश्न : कारखान्यातल्या प्रशिक्षणासाठी 'क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट'वर मराठी टिपण करतोय. गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारून त्यावरून वस्तूचं डिझाइन ठरवायची ही पद्धत. जुन्या टिपणात 'गुणवत्ता कार्य तैनाती' असं छापलंय. तैनात पोलीस होतात, जवान होतात. गुणवत्ता कशी होणार? दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : घोटाळा इंग्रजी नावापासूनच आहे. मूळ जपानी नाव 'हिनशित्सु किनो तेनकाई'. हिनशित्सु म्हणजे गुणवत्ता, किनो म्हणजे कार्य आणि तेनकाई म्हणजे घडी मोडून पसरणं. जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ योजी अकाओंनी ही कल्पना १९६६ मध्ये मांडली आणि १९७२ मध्ये मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या कोबे इथल्या जहाजबांधणी कारखान्यात तिचा तक्ता वापरात आला. सैन्याचा इथे काही संबंध नाही. मी 'उलगड' म्हणेन. 'उलगडा' मात्र नको, तो कोड्याचा होतो.

दुसरा प्रतिसाद : उलगड गोड आहे, पण तयार शब्द असताना नवा कशाला? आठवीच्या गणितात 'विस्तार सूत्रे' शिकलो ना आपण? कंस सोडवून (अ + ब)² चं अ² + २अब + ब² करायचं. जपानी शाळेतही कंस सोडवण्याला तेनकाईच म्हणतात. या पद्धतीतही तेच चालतं. जेवणाचा डबा घ्या. गिऱ्हाईक म्हणतं, 'आमटी पिशवीत सांडू नये' आणि 'झाकण पोराला उघडता यावं'. ही वाक्यं तक्त्यात डावीकडे, त्याच्याच शब्दांत. वर आडवी मापं: रबरी रिंगची जाडी, झाकणाची पकड, उघडायला लागणारा जोर. प्रत्येक खणात संबंध किती घट्ट ते ९, ३ किंवा १ असं मांडायचं. एक वाक्य असं अनेक मापांत पसरतं. हा विस्तारच झाला.

आणि एक. डावीकडच्या या वाक्यांना इंग्रजीत 'व्हॉइस ऑफ द कस्टमर' म्हणतात, त्याचं कृपा करून 'ग्राहकाचा आवाज' करू नका. आवाज गवयाचा, नाहीतर मोटारीचा. गिऱ्हाइकाचं असतं ते म्हणणं. 'गरज' लिहिलंत तर शब्द आपले होतात आणि त्याचं वाक्य हरवतं. 'सांडू नये' याचं 'गळतीरोधकता' झालं की तो पोरगा आणि ती पिशवी दोन्ही नजरेआड होतात.

प्रश्नकर्ता : पटलं. शीर्षकात 'गुणवत्ता कार्य विस्तार' घेतो आणि क्रियापद 'उलगडणे' ठेवतो. डावीकडच्या रकान्याला 'ग्राहकाचं म्हणणं'. मापांचे आपसातले संबंध दाखवणाऱ्या, तक्त्याच्या वरच्या तिकोनी भागाला आमच्याकडे सगळे छप्परच म्हणतात, तेही तसंच. आता एकच अडलंय. पकड वाढवली की उघडायला जोर जास्त लागतो, त्या छपरातल्या खणाला काय म्हणू? 'परस्परविरोध' फार जड वाटतं.

पहिला प्रतिसाद : 'ओढाताण' लिहा.