‘ला बांबा’: १९५८चं आणि १९८७चं, बसवणाऱ्यांचे अनुभव

खर्जातला
लेकीच्या गिटार क्लासात ‘ला बांबा’ हे गाणं सुरू झालंय, त्यावरून लोस लोबोस या बँडची कॅसेट आठवली. गायक रिची वॅलेन्सचं १९५८चं आणि लोस लोबोसचं १९८७चं, दोन्ही ज्यांनी बसवलीत त्यांनी लिहा. कुठे अडतं, का अडतं?
सुरुवात मीच करतो. पट्टी सी. दोन मात्रा सी, दोन मात्रा एफ, चार मात्रा जी. याच आठ मात्रा शेवटपर्यंत फिरतात. तीनच कॉर्ड म्हणून सगळे थेट मूळ लयीत (मिनिटाला साधारण १५०) घुसतात, मग सीवरून बॅरे एफवर (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) हात उशिरा पोचतो आणि जीसुद्धा मागे पडतो. ९०वर सुरू करा, स्वच्छ वाजलं की ५-५ने वाढवा.

सहावी_तार
बॅरे हवाच कशाला, चार तारांचा छोटा एफ पुरतो. नाहीतर कॅपो (तारा दाबून धरणारी चाप) पाचव्या फ्रेटवर, बोटं जी-सी-डीची, सूर सीचाच.
सुरुवातीचा तुकडा मात्र कॅपोशिवाय, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून. आधी सी कॉर्डचे तीन सूर चढत जातात, शेवटी जी सुरावरून पायऱ्या उतरत परत सीवर. मूळ ध्वनिमुद्रणात रेने हॉल सहा तारांची डॅनइलेक्ट्रो कंपनीची बॅरिटोन (नेहमीपेक्षा खालच्या सुरांची) गिटार वाजवतो, भरदारपणा तिचा आहे. ती नसेल तर एकाने गिटारवर, दुसऱ्याने बेसवर तोच तुकडा एक सप्तक खाली वाजवा. बेसवाल्याने तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवायची, नाहीतर सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

पोळीभाजी
कुकर लावलाय, पटकन विचारते. गायला सुरुवात कुठे करायची? दर वेळी पुढेमागे होतं.

जुनी_तबकडी
@पोळीभाजी पहिल्या ओळीतलं ‘पारा बाय्लार ला’ एवढं आधीच्या जी कॉर्डवर म्हणून टाकायचं, ‘बांबा’ला सी. ‘पारा’ समेवर धरलं की पुढची सगळी ओळ घसरते. आधी नुसती टाळी देऊन म्हणा, गिटार बाजूला.
ओळी ७ आणि ५ अक्षरांच्या आहेत: पा-रा-बाय्-लार-ला-बां-बा, से-ने-से-सी-ता. या मापात बसेल ते कडवं घालता येतं, म्हणून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये या लोकगीताची कडवी गाणाऱ्यागणिक वेगळी. वॅलेन्सने त्यातली मोजकीच घेतली.
उच्चारात आपलं काम सोपं आहे. त, द दंत्यच, इंग्रजी वळणाचे ट, ड नकोत. ‘ग्रासिया’त स, स्पेनमध्ये थ च्या जवळचा उच्चार ऐकू येतो, तो इथे नको, गाणं मेक्सिकोचं आहे. ‘आर्रीबा’तला र जिभेवर घोळवायचा. वॅलेन्सच्या बोलण्यातही इंग्रजीच जास्त असे, हे शब्द त्याने शिकून गायले. बिनधास्त म्हणा.

पोळीभाजी
टाळीवर जमलं!! दुसरी शिट्टी झाली, जाते.

ठेका
तबल्यावर केरवा चालेल का?

खर्जातला
@ठेका चालेल. आठ मात्रा, एका आवर्तनात एक चक्र पूर्ण. पण केरव्याची खाली पाचव्या मात्रेवर, आणि तिथेच जी सुरू होतो. सगळा ताण त्या जीमध्ये आहे. तिथे बायाँ (डग्गा) काढून घेतलात तर गाणं बसकं होतं, खाली भरीच ठेवा.
क्लेव्हजच्या काठ्याही घ्या, मूळ गाण्यात आहेत (ड्रम्स आणि क्लेव्हज अर्ल पामर). एक काठी ओंजळीसारख्या पोकळ हातावर नुसती टेकवायची. मुठीत आवळली की आवाज मरतो.

सरी
वॅलेन्स गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. ३ फेब्रुवारी १९५९, आयोवात क्लिअर लेकजवळ विमान पडलं. एवढंसं पोर. 😢

जुनी_तबकडी
हो ना. आणि ‘ला बांबा’ तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढचं ‘डॉना’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, हे २२व्या. लोस लोबोसचं मात्र ३ आठवडे पहिलं. ते वॅलेन्सवरच्या ‘ला बांबा’ सिनेमातलं, त्यात लू डायमंड फिलिप्स ओठ हलवतो, आवाज डेव्हिड हिदाल्गोचा.

सहावी_तार
मला लोस लोबोसचं जास्त मोलाचं वाटतं ते शेवटासाठी. इलेक्ट्रिक वाद्यं बाजूला होतात आणि हाराना, रेकिंतो ही तिकडची छोट्या गिटारसारखी वाद्यं पुढे येतात, गाणं व्हेराक्रूझला परत जातं. बसवताना बहुतेक जण हा भाग गाळतात, फार वाईट वाटतं.
हारानाला ८ तारा, पाच ठिकाणी: मधल्या तीन जोड्या, कडेच्या दोन एकेरी. रेकिंतोला चारच जाड तारा, शिंगाच्या लांब पट्टीने छेडतात.

सरी
हाराना इथे कुठून आणायचा? युकुलेले चालेल?

सहावी_तार
@सरी चालेल, त्याच तीन कॉर्डवर. प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) नको, नखांनी, खाली-वर दोन्हीकडे. हालचाल मनगटातून, कोपरातून केलीत तर कडव्याच्या आत हात भरून येतो. आणि इथे ड्रम्स पूर्ण बंद. एक जरी झांज वाजत राहिली तरी नायलॉनच्या तारा ऐकू येत नाहीत.

ठेका
मग तबला?

सहावी_तार
तोही थांबवा. तिकडे लाकडी फळीवर पायांनी ठेका धरून नाचतात. स्टेज लाकडी असेल तर कडक टाचेचे बूट घालून दोघांना उभं करा, माइक जमिनीलगत.

पोळीभाजी
आले. @सरी तुझा युकुलेले सोप्रानो की कॉन्सर्ट? भाचीसाठी घ्यायचाय, कुठला घेऊ?