'कूपर' म्हणजे तांबट नव्हे

प्रश्न : भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी इंग्रजी आडनावांचे अर्थ लिहायचे आहेत. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, इथवर जमलं. कूपर म्हणजे तांबट का? एकच मराठी शब्द हवा आहे.

उत्तर : ताई, तांबट अजिबात लिहू नका. ही चूक फार ठिकाणी दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तांब्याचा तो कॉपर, त्याचं मूळ सायप्रस बेटाच्या नावात आहे. कूपरचं मूळ लॅटिन 'कूपा', म्हणजे लाकडी पिंप. ते घडवणारा तो कूपर.

काम मोठ्या कसबाचं. ओकच्या फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या तासायच्या, कडा तिरक्या करायच्या, एका कडीत उभ्या लावायच्या. मग आत जाळ करून, पाणी मारत, लाकूड नरम झालं की वाकवून आवळायचं आणि बाहेरून लोखंडी कड्या ठोकायच्या. खिळा नाही, सरस नाही, तरी थेंब गळत नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. शेणींच्या आगीत लाल झालेली धाव चाकावर बसवतात, पाणी ओतलं की चर्र आवाज होतो, ती आकसते आणि पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे, कचकन एकमेकांत बसतात. आवळून धरण्याची युक्ती तीच.

जहाजावरचं पाणी, खारवलेलं मांस, बिअर, बंदुकीची दारू, सगळं पिंपात. म्हणून हे आडनाव इंग्लंडभर आहे.

आपल्याकडे पाण्याला माठ, रांजण आणि तांब्याचा हंडा, तेलाला चामड्याचा बुधला. फळ्यांचं पिंप आपल्या संसारात नव्हतंच, म्हणून ते घडवणाऱ्याला आपला शब्दही नाही. 'पिंप' हाच मुळी पोर्तुगीज 'पीपा'वरून आलेला. तेव्हा ओढूनताणून एक शब्द पाडू नका, 'लाकडी पिंपं घडवणारा' असंच लिहा.

प्रश्न : छान. प्रकल्पात या आडनावाची माणसंही हवीत.

उत्तर : पहिलं नाव मार्टिन कूपर. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन लावला. फोनचं वजन किलोभराहून जास्त होतं. भाचीला हे नक्की आवडेल. दुसरे लिऑन कूपर. अतिशीत धातूत इलेक्ट्रॉन जोडीने वागतात हे त्यांनी १९५६ साली दाखवलं. १९७२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांसह मिळालं. अतिवाहकता, म्हणजे अशा धातूतून वीज अडथळ्याविना वाहणं, शिकवताना मराठीतही 'कूपर जोडी' असंच म्हणतात, तिथे भाषांतर नको. मिनी कूपर गाडीतलं नाव जॉन कूपर यांचं. शर्यतीच्या गाडीचं इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवून त्यांच्या कंपनीने १९५९ आणि १९६० ची फॉर्म्युला वनची अजिंक्यपदं मिळवली.

आणि एक चुलत आडनाव विसरू नका. डच भाषेत हाच कारागीर 'कायपर'. नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्याला ज्यांचं नाव आहे ते खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर, म्हणजे नावाने पिंपवालेच.

प्रश्न : आणि आपले साताऱ्याचे कूपर?

उत्तर : बरी आठवण केलीत. धनजीशहा कूपर पारशी होते. १९२२ साली त्यांनी साताऱ्यात कारखाना काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, आजच्या भाषेत मुख्यमंत्री, हेच झाले. १ एप्रिल ते १९ जुलै, जेमतेम साडेतीन महिने; मग बाळासाहेब खेर आले. सातारकरांना कूपर म्हटलं की कारखाना आठवतो, पिंप नाही. भाचीला म्हणावं, धनजीशहांचं नाव जरूर लिही, आणि शेजारी पोटाशी फुगलेलं, कड्यांचं पिंप काढ.