माध्यमं आणि नीतीचं अवघड इंग्रजी खेड्यातल्या पोरांना शिकवावं का?

इंग्रजीचा मास्तर, दारव्हा तालुका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. शनिवारी शेवटच्या तासाला बारावीच्या पोरापोरींसोबत पेपर वाचायचा, असा आमचा नेम आहे. यंदा त्या तासाला ‘बातमी आणि नीती’ हा विषय धरला आणि त्यासाठी लागणारे इंग्रजी शब्द फळ्यावर येऊ लागले : बायस, अलेज्ड, डिफेमेशन, रिट्रॅक्शन, डिसइन्फर्मेशन, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. चाळीसेक झाले. पालकसभेत एका वडिलांनी उभं राहून विचारलं, “सर, पोराले बँकेचा अर्ज इंग्रजीत लिहिता येत नाही, अन् तुम्ही हे काय शिकवून रायले?” तिथं माझं उत्तर अर्धवट राहिलं. ते इथं पूर्ण करतो आणि तुमचं मत मागतो.

मागच्या महिन्यात गावच्या ग्रुपवर आलेली एक बातमी आम्ही वर्गात वाचली. मथळा होता, ‘कृषी केंद्रचालकाने विकले बोगस बियाणे’. सोयाबीन उगवलं नव्हतं, शेतकऱ्यांनी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार दिली होती, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. अहवाल यायचा होता. मी पोरांना मथळा इंग्रजीत करायला सांगितला. सगळ्यांनी ‘सोल्ड’ लिहिलं. मी त्याच्या आधी ‘अलेजेडली’ घातलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मंग सर, त्यानं विकलं का नाही विकलं?” म्हटलं, आपल्याला अजून ठाऊक नाही, एवढंच हा शब्द सांगतो. तिनं मोबाईल पुन्हा वर केला, मथळा पुन्हा वाचला. “पन इथं तं विकलं असंच लिवलं हाय.”

त्या दुकानदाराची मुलगी त्याच वर्गात बसते.

मिसइन्फर्मेशन आणि डिसइन्फर्मेशन या दोन्हींना आपण सरसकट अफवा म्हणतो. पहिल्यात चूक असते, दुसऱ्यात हेतू. आजीनं भाबडेपणानं पुढे ढकललेला मेसेज आणि मतदानाच्या आदल्या रात्री मुद्दाम सोडलेला मेसेज एकाच पोत्यात भरला, तर दोघांना सारखा दोष लागतो, नाहीतर दोघंही सुटतात.

आणि एक शब्द असा, ज्याच्यावर पूर्ण तास गेला. इंग्रजीत आत्महत्येला ‘कमिट’ हे क्रियापद लावायची जुनी रीत आहे. ते क्रियापद गुन्ह्याचं, म्हणून जबाबदार पेपर आता ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहितात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी गृहीत धरायला सांगितलं. वृत्तपत्रांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली : ठळक जागा नको, कसं केलं त्याचं वर्णन नको, फोटो नको. आमच्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकातला नाही. वर्गात ज्यांच्या घरात हे घडलंय अशी पोरं होती. त्यातलाच एक म्हणाला, “म्हन्जे सर, बाबांनी गुन्हा केला नाही.” एका क्रियापदासाठी तास खर्च झाला याचं मला काही वाटत नाही. शिकवावं, असं माझं मत आहे.

तालुका वार्ताहर, 17 वर्षं

सर, तुमची तळमळ पटते, मत पटत नाही. शब्द येत नव्हता म्हणून बातमी बिघडली, असं मी 17 वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

2009 च्या निवडणुकांत पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराचा, बोभाटा झाला, प्रेस कौन्सिलनं 2010 मध्ये त्यावर अहवाल काढला. पॅकेजं विकणाऱ्यांना ‘एथिक्स’चा अर्थ माहीत नव्हता का? चांगला माहीत होता.

माझं सांगतो. पेपरकडून मिळणारं मानधन गाडीच्या पेट्रोललाही पुरत नाही. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळी पुरवणी, प्रत्येकाचं टार्गेट. कृषी केंद्रवाल्यांकडं पाव पान मागायला मीच जातो आणि त्यांच्याविरुद्धची तक्रारही माझ्याकडंच येते. याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात हे कळून माझं काय बदलणार? माझी आजी शाळेत गेली नव्हती, तरी म्हणायची : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

राहिलं ‘अलेजेडली’. मी बातमीत ‘विकल्याचा आरोप’ असंच लिहितो. मथळ्यात जागा नाही म्हणून डेस्कवर, म्हणजे पेपरच्या कार्यालयात बातम्या तपासून मथळे देतात तिथं, ‘आरोप’ गळतो. शब्द मराठीत आहे, तो छापायची इच्छा नाही.

नागपुरात वकिली शिकणारी, मूळची देसाईगंजची

काका, तुमच्या आजीची म्हण आणि सरांचा शब्द एक नाही. म्हण सांगते की जगात असंच चालतं. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतो की टाळी वाजवली नसली तरी पोळी खाल्ल्याचं आधी सांगून टाका. चोरी केली असा त्यात आरोप नसतो. म्हणून तर प्रामाणिक माणसालाही तो शब्द लागतो.

इंग्रजी का, त्याचं एक रोकडं कारण देते. पेपरविरुद्ध तक्रार करायची तर आधी संपादकाला लिहावं लागतं. तिथं दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकाची बातमी असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांची मुदत. आणि कात्रण मराठी असेल तर सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. कौन्सिल पेपरला दंड करू शकत नाही. समज देते, ताकीद देते, निषेध नोंदवते, बस. टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही. पण तेवढंही मिळवायचं तर ‘बदनामी’, ‘खुलासा’, ‘दिलगिरी’ यांना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं हे गावात कुणाला तरी आलं पाहिजे.

सर, तुमच्या यादीत लायबल आणि स्लँडर असतील तर मात्र त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. लेखी आणि तोंडी बदनामीतला हा फरक इंग्लंडच्या कायद्यातला. आपल्या फौजदारी कायद्यात दोन्ही एकाच कलमात येतात, पूर्वी भारतीय दंड संहितेचं 499, आता भारतीय न्याय संहितेचं 356. त्यापेक्षा पोरांना हे सांगा की आपल्याकडं फौजदारी खटल्यात ‘खरं होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. हे ऐकून वर्ग बराच वेळ भांडेल.

बारावीचा बाप

गुरुजी, पालकसभेत तो प्रश्न म्याच इचारला होता. राग मानू नका.

पोरगं रोज रातच्याले तुमचे शब्द पाठ करते. चांगलं हाय. पन परवा त्याले एका बँकेत नेलं. साहेबानं सहज इचारलं, “व्हॉट इज युवर फादर्स ऑक्युपेशन?” पोट्टं माह्या तोंडाकडं पाहात रायलं. त्याले ‘क्रेडिबिलिटी’ येते, ‘ऑक्युपेशन’ येत नाही. म्या शेतकरी हाय, एवढं त्याच्या तोंडून निंगालं नाही. मले लय वाईट वाटलं. आधी पाया भराव का कयस चढवाव, तुम्हीच सांगा.

अंगणवाडी सेविका, मूर्तिजापूर तालुका

मला इंग्रजी जेमतेम येतं, तरी लिहिते, कारण हा शब्दांचा प्रश्न आमच्या गल्लीपर्यंत येतो.

आमच्या भागात एका मुलीवर अत्याचार झाला. बातमीत नाव दिलं नव्हतं. लिहिलं होतं, ‘बसस्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या इसमाची आठवीतली मुलगी’. आमच्या बसस्टँडवर टपरी एकच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरापुढं बाया उभ्या होत्या. ती मुलगी पुन्हा त्या शाळेत गेली नाही, मामाकडं पाठवली. लिहिणाऱ्याला भेटले तर तो मनापासून म्हणाला, “ताई, मी नाव कुठं दिलं?”

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम 23 आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. नुसतं नाव नाही : पत्ता, फोटो, घरची माहिती, शाळा, शेजार, जिच्यावरून मूल कोण ते कळेल अशी कोणतीच गोष्ट छापायची नाही. यासाठी सरांच्या यादीत ‘आयडेंटिटी’ असेल. मी म्हणते मराठीत ‘ओळख’ म्हणा, आणि दोनशे घरांच्या गावात ओळख कशाकशानं पटते ते पोरांना मोजायला लावा. तो तास मराठीत, आमच्या बोलीत व्हायला पाहिजे. इंग्रजीत घेतलात तर पोरं स्पेलिंगमध्ये अडकतील आणि टपरी विसरतील.

जुने पेपर जमवणारा, वाशीम

भांडण जुनंच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढला तो दोन स्तंभांत, एकात मराठी, एकात इंग्रजी. 1888 च्या ‘सुधारक’मध्ये आगरकर मराठी बाजू लिहायचे, गोखले इंग्रजी. राज्यकर्त्यांना ऐकवायचं ते इंग्रजीत, घरच्यांना सुधारायचं ते मराठीत. सरांनी फळाही तसाच दोन भागांत आखावा.

तालुका वार्ताहर, 17 वर्षं

मग 31 जानेवारी 1920 ही तारीखही घ्या. त्या दिवशी ‘मूकनायक’ निघाला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना इंग्रजी पत्र काढणं अवघड नव्हतं. त्यांनी मराठीत काढलं, कारण ज्यांना आवाज नव्हता ते मराठी बोलत होते.

इंग्रजीचा मास्तर, दारव्हा तालुका

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. येत्या शनिवारी ‘ओळख’ घेतो, मराठीतच. मुलगी नको, गावातला एखादा साधा प्रसंग घेऊन पोरांना बातमी लिहायला लावतो आणि त्यातलं काय काय काढलं म्हणजे माणूस ओळखू येणार नाही ते शोधायला सांगतो.

भाऊ, ‘ऑक्युपेशन’ची चूक माझी. अर्ज आणि मुलाखतीचं इंग्रजी बुधवारी घेऊ. पण शनिवारचा तास मी सोडणार नाही. बँकेतला साहेब वर्षातून एकदा भेटतो, ग्रुपवरची बातमी रोज सकाळी भेटते.

वार्ताहर साहेब, तुमच्याशी मात्र माझा वाद कायम आहे. ‘आरोप’ डेस्कवर गळला, तर तो गळला हे ओळखणारा वाचक तालुक्यात तयार करणं माझ्या हातात आहे. डेस्क माझ्या हातात नाही. आणि ‘पेड न्यूज’ म्हणालात म्हणून : तो शब्द रुळला तेव्हाच निवडणूक आयोगाला जिल्ह्याजिल्ह्यात त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या समित्या नेमता आल्या. तोवर ती नुसती ‘चांगली बातमी’ होती.

बारावीचा बाप

बुधवारचं झालं तं लय उपकार होतीन.

एक सांगाचं रायलं. तुमच्या यादीतला ‘डिसइंटरेस्टेड’ पोराले समजला नाही. तो म्हने, ‘कंटायलेला’. म्या म्हटलं, सरांनी काय सांगतलं? म्हने, ‘ज्याचा कोन्याच बाजूनं फायदा नाही असा’. अरे बाप्पा, तो तं तिऱ्हाईत! धुऱ्याचं, म्हन्जे वावराच्या बांधाचं, भांडन झालं का आपन काय म्हन्तो, तिऱ्हाईत मानूस आना. पोराले एका दमात समजलं.

इंग्रजीचा मास्तर, दारव्हा तालुका

भाऊ, हा शब्द मला सुचला नव्हता. मी ‘निःपक्ष’ लिहून दिलं होतं, ते निम्म्या वर्गाला परीक्षेतलं वाटलं. फळ्यावर तुमचाच शब्द घेतो. एकच शंका : तिऱ्हाईत म्हणजे परका, असाही अर्थ पोरं घेतील.

बारावीचा बाप

परकाच पायजे ना गुरुजी. भाऊबंद असन तं धुरा सरकवनच.

तालुका वार्ताहर, 17 वर्षं

मग तालुक्यात तिऱ्हाईत वार्ताहर कुठून आणायचा? मी इथलाच. ती बियाण्याची तक्रार घेऊन शेतकरी आधी माझ्याकडं आले होते. मी बातमी दिली नाही, दुसऱ्यानं दिली. तो दुकानदार माझ्या साडूचा भाऊ आहे. हे मी शेतकऱ्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.