अनुभव धागा: दिसत होतं, पण पाहिलं नाही

धुरा
परवा शेजारच्या वावरात डोमकळ्या (अळीनं आतून गुंडाळलेली, न उमललेली कापसाची फुलं) दिसल्या आणि २०१७ आठवलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक खाल्लं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. बाबा रोज धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचे, पऱ्हाटीच्या तासात शिरायचे नाहीत. काकांनी बोंड फोडून हातावर ठेवलं तर म्हणे, "राहू दे नं, वरचे बोंडं चांगले हायेत." वेचणीत कवडीच (किडका, डागी कापूस) जास्त निघाली, तरी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभंच ठेवलं. पऱ्हाटी उपटली असती तर हंगाम गेला हे घरात सांगावं लागलं असतं. कृषी केंद्राची उधारी होती, बहिणीची सोयरीक ठरायची होती. मला वाटतं, माणसाला खरं दिसत असते. ते कबूल केल्यावर पुढं काय करायचं, हे सुचत नाही. तुमच्या घरचं लिहा.

वर्धेकर
फरदडीवरच अळी पुढच्या हंगामापर्यंत जगते. ओलित, म्हणजे पाण्याची सोय असलं की मोह सुटत नाही, आमच्याकडंही तेच. औंदा सोयाबीन पेरलं. तिकडं कापसाचा काय भाव चालू आहे?

सांजवात
खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. आमच्या ह्यांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडते. भाकर दुधात कुस्करून खातात, म्हणतात दाढ दुखते. दवाखान्याचं नाव काढलं की वावरात काम निघते. सासूबाई म्हणतात, त्याच्या बापानंही खाल्ला. सासरे कशानं गेले ते या घरात कोणी बोलत नाही. कुकर लावायचा आहे, नंतर लिहिते.

इराईकाठ
आमच्या चंद्रपुरात दारूबंदी २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. मोठे काका आधीही प्यायचे, बंदीतही, आताही. काकू मात्र आल्यागेल्याला सांगते, बीपीची गोळी घेऊन झोपले. मुलीचं लग्न होईस्तोवर असंच सांगणार म्हणते. तिला काय बोलावं?

कोरडवाहू
@धुरा, भाऊ, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं बँकेचं पत्र आलं की बाबा न फोडता देवाच्या फोटोमागं ठेवत. २००८ च्या कर्जमाफीत पाच एकरांच्या आतल्यांचं पूर्ण माफ झालं. आमचं कोरडवाहू वावर त्याच्यावर. पाऊण रक्कम भरा, मग पाव सूट. भरायला होतं कुठं? "पुढच्या माफीत बसू" म्हणत दरसाल नवं-जुनं केलं, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडल्याचं दाखवलं. आईला आकडा माहीत नव्हता. बाबा गेल्यावर पत्रं तिनंच फोडली. मला अजून वाटते, तिला आधी सांगितलं असतं तर त्यांनी एकट्यानं एवढं ओढलं नसतं.

धुरा
🙏 आई कशा आहेत आता?

कोरडवाहू
बऱ्या आहेत. हिशोब आता त्याच ठेवतात.

वर्धेकर
@सांजवात ताई, तोंड कमी उघडणं, तिखट झोंबणं, हे दाढेचं नाही. यातून पुढं कॅन्सर होऊ शकते. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. खर्रा आजपासूनच बंद.

सांजवात
भाऊ, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. चिडले, मग गप्प बसले. दिरानं गाडी काढतो म्हटलंय. चिठ्ठी सकाळीच काढावी लागते का?

वर्धेकर
हो, लवकर पोहोचा. आधार कार्ड न्या, आणि दिरालाही सोबत आत घ्या.