मदत हवी आहे: 600 एमएमला फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर. लेन्स बदलून घेऊ का?

नमस्कार मंडळी,

पक्ष्यांसाठी 150-600 एमएम झूम लेन्स घेतली, एफ 5 ते 6.3 वाली. बॉडी जुनीच, 24 मेगापिक्सलची क्रॉप सेन्सर डीएसएलआर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ‘ही कशाला घेतली, ती घ्यायची’ यातच संपेल. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण आठवड्याच्या आत काय ते सांगा म्हणतो.

तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) लांब काठावर बसलेले होते. 600 ला, एफ 6.3, 1/1600, बीनबॅगवर टेकवून काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास. लॅपटॉपवर 100 टक्क्यांवर पाहिलं तर डोक्यावरचे दोन काळे पट्टे एकमेकांत विरघळलेले. उजाडल्याबरोबर काढलेले बरे आहेत, दहानंतरचे सगळे वाया. ऊन वाढलं, शटरचा वेग वाढला, तरी फोटो बिघडतच गेला.

मग गच्चीवरून समोरच्या भिंतीवर पेपर चिकटवून पाहिला. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, पुढचा यूव्ही फिल्टर काढून. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस केला की छोट्या जाहिराती वाचता येतात. व्ह्यूफाइंडरमधून केला की त्याच अक्षरांना सावली येते. शिवाय फ्रेमची उजवी बाजू डावीपेक्षा ढिली, म्हणजे कमी तीक्ष्ण, वाटते. आता पेपर कॅमेऱ्याला अगदी समांतर होता का, हे छातीठोक सांगता येत नाही.

एफ 8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं की, सगळं सुधारतं, पण पाल गावच्या जंगलात पहाटेच्या कमी उजेडात एफ 8 परवडत नाही. आणि पुढचा बेत तोरणमाळचा आहे. 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा, हे नामशेष समजलेलं छोटं घुबड, पुन्हा सापडला, तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येकाला तो टिपायचाच असतो! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नाहीतच. सॉफ्ट फोटोत दोघंही रानपिंगळेच दिसणार. म्हणून ‘600 ला सगळ्याच झूम सॉफ्ट असतात, चालवून घ्या’ हे उत्तर नको.

तापीकाठ:
लेन्सले काही व्हयेल नही भो, ती हवा शे. निदान हतनूरपुरती तरी. पाणी गार, काठची काळी जमीन तापलेली. कमीजास्त तापलेल्या हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याला शटर काय करणार? एकाच पक्ष्यावर बर्स्ट मारून, म्हणजे सलग भराभर फोटो काढून बघ. एक फ्रेम चांगली, पुढची लिबलिबीत, कडा दर फ्रेमला वेगळ्या वाकलेल्या, तर हवा. सगळ्या सारख्याच सॉफ्ट असतील तर लेन्स किंवा फोकस. उपाय एकच, जवळ जाणं. मे महिन्यात तर सकाळी आठनंतर 600 बॅगेतून काढूच नको.

गच्चीवाला:
भिंतीचं वेगळं आहे. लाइव्ह व्ह्यूत कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस तपासतो, व्ह्यूफाइंडरला फोकसचा सेन्सर निराळा. एकात तीक्ष्ण आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे काचा ठीक, जुळणी चुकतेय. मेनूत एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय) असेल तर 600 लाच, 25-30 मीटरवरून करा. स्वस्त बॉडीत बहुधा ही सोय नसते.
उजव्या बाजूसाठी ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडला धरणारं कडं) सैल करा आणि कॅमेरा 180 अंश फिरवून, उलटा, तोच पेपर लाइव्ह व्ह्यूत फोकस करून काढा. पेपरची तीच बाजू ढिली राहिली तर पेपर तिरका होता. ढिलेपणा पेपरच्या दुसऱ्या बाजूला गेला तर लेन्समधली काच सरकलेली आहे, ती फाइन ट्यूनने सुटत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. बर्स्टमध्ये कडा दर फ्रेमला नाचतायत, म्हणजे हतनूरची हवाच. फाइन ट्यून उणे बाजूला नेल्यावर व्ह्यूफाइंडरही सुधारला. पण उलट्या कॅमेऱ्यात ढिलेपणा पेपरच्या दुसऱ्या बाजूला गेला. दुकानदाराला कोणता फोटो दाखवू? पक्ष्याचा दाखवला तर हात हलला असेल म्हणेल.

गच्चीवाला:
पक्षी नकोच. भिंतीचे सुलटा-उलटा दोन्ही, एफ 6.3 चे, रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलसकट. आणि बदलून मिळालेली लेन्स दुकानासमोरच्या भिंतीवर तपासूनच घरी आणा. फाइन ट्यूनचा आकडा आधी शून्यावर न्या, तो जुन्या लेन्सचा होता.