निऑन म्युझियमला जागा अपुरी पडते, तेव्हा काय ठेवावे आणि काय नाकारावे?

वाटसरू७२ (प्रश्न)
गेल्या महिन्यात लास व्हेगासचे निऑन म्युझियम, म्हणजे वायू भरलेल्या काचनळ्यांनी उजळणाऱ्या जुन्या पाट्यांचा संग्रह, संध्याकाळच्या फेरीत पाहिले. ‘बोनयार्ड’ (हाडांचे आवार) म्हणतात त्या उघड्या आवारात दोनशेहून अधिक पाट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. स्टारडस्ट हॉटेलच्या अक्षरांसमोर मी मागे सरत सरत पार दुसऱ्या पाटीच्या पत्र्याला टेकलो, तरी दोन-तीन अक्षरांपलीकडे काही नजरेत मावेना. धावत्या मोटारीतून लांबूनच वाचता यावी म्हणून घडवलेली पाटी आता हातभर अंतरावरून पाहावी लागते. जागेअभावी हे म्युझियम शहरातील आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये हलवण्याचा बेत २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. पण संग्रह वाढतच जाणार असेल, तर नवी जागा तरी किती वर्षे पुरणार? आणि काय घ्यायचे, काय नाकारायचे, हे कशाच्या आधारे ठरवावे?

जुनीदप्तरे
या अडचणीचे मूळ संग्रहाच्या जन्मातच आहे. तेथील बऱ्याच पाट्या हॉटेलांच्या मालकीच्या नव्हत्याच. यंग इलेक्ट्रिक साइन कंपनीसारखे कारखानदार त्या भाड्याने देत आणि करार संपला की आपल्या आवारात आणून टाकत. ‘बोनयार्ड’ हे नाव त्या आवारावरूनच आले. १९९६ मध्ये म्युझियमची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे इमारत नव्हती. म्हणून हॅसिएंडा हॉटेलची १९६७ मधील घोडेस्वाराची पाटी दुरुस्त करून सरळ रस्त्यावरच उभी केली गेली. पुढे सिल्व्हर स्लिपर कॅसिनोचा चंदेरी जोडा, बो अँड ॲरो मोटेलची पाटी अशा आणखी काही पाट्या लास व्हेगास बुलेव्हार्डच्या दुभाजकावर लागल्या. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. पाटी रस्त्यासाठी जन्मली, तिला रस्ता परत द्यावा.

काचनळी
मी बरीच वर्षे निऑनच्या नळ्या वाकवण्याचे काम केले आहे, त्यामुळे वरील मताशी अर्धाच सहमत आहे. नळी ज्योतीवर मऊ झाली की वळणाच्या जागी ती चपटी होते, म्हणून एक टोक बुचाने बंद करून दुसऱ्या टोकाला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हलकी फुंकर देत राहावे लागते. फुंकर कमी पडली तर वळण दबते, जास्त झाली तर फुगते. हे कसब येणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि रस्त्यावरची पाटी वाऱ्याने वा दगडाने फुटली की तीच माणसे शोधावी लागतात. शिवाय ‘पाटी’ ही एक वस्तू नाही. नळी नीट सांभाळली तर कित्येक दशके जळते, तुटली तरी मूळ आराखड्यावरून नवी करता येते. पत्र्यावरचा हाताने दिलेला रंग मात्र वाळवंटातल्या उन्हात एकदा उडाला की गेलाच. म्हणून छप्पर आधी द्यायचे ते रंगवलेल्या पत्र्याला. लास व्हेगासला पाऊस नावापुरता पडतो, एवढ्यावरच त्या पाट्या आजवर तगल्या आहेत.

गंगाकाठ
सिनसिनाटीच्या अमेरिकन साइन म्युझियमने छपराचाच मार्ग धरला. २०१२ मध्ये ते एका जुन्या कारखान्यात गेले आणि २०२४ मध्ये त्यांना तेथेही जागा वाढवावी लागली, तेव्हा नव्या जागेबद्दलची वाटसरूंची शंका रास्तच आहे. निवडीबद्दल म्हणाल, तर आकार हा निकष मला सर्वांत फसवा वाटतो. मूलां रूज हॉटेलची पाटी पाहा. १९५५ मध्ये उघडलेल्या या हॉटेलात काळे आणि गोरे पाहुणे एकत्र बसू शकत, आणि लास व्हेगासमधले तसे ते पहिलेच हॉटेल-कॅसिनो. ते काही महिन्यांतच बंद पडले. ती नागमोडी अक्षरे बेटी विलिस यांनी काढली होती, ज्यांनी पुढे शहराच्या वेशीवरची प्रसिद्ध स्वागताची पाटीही घडवली. जिच्यामागे एवढे सांगण्यासारखे आहे तिला जागा द्यावी. जिच्याजवळ केवळ उंची आहे, तिची छायाचित्रे, आराखडे आणि एखादे अक्षर ठेवले तरी चालेल.

वाटसरू७२
सर्वांचे आभार. जुनीदप्तरे यांचे लिहिणे वाचून एक कबुली द्यावीशी वाटते. म्युझियमला जाताना तो चंदेरी जोडा मी गाडीतून पाहिला होता आणि चपलांच्या एखाद्या दुकानाची जाहिरात समजून पुढे गेलो होतो.